"बाबांसाठी पुन्हा मागवा": जाहिरातींच्या मेल आणि सणावाराच्या भेटसूचना, तुम्ही काय करता?

निशिगंध
काल पहाटे फोन उघडला तर पहिलीच मेल: "दिवाळीआधी बाबांसाठी पुन्हा मागवा." खाली मोठ्या माणसांच्या डायपरच्या पाकिटाचा फोटो, भोवती पणत्यांची चौकट आणि कोपऱ्यात १५ टक्के सूट.

बाबा ज्येष्ठात गेले. शेवटचे चार महिने अंथरुणावरच होते. डायपर, अंडरपॅड, हवेची गादी, चोचीचा पेला, सगळं मी रात्री त्यांच्या उशाशी बसून फोनवरून मागवायचे. दिवसा दुकानात जायला घरात दुसरं माणूस नव्हतं. पत्ते दोन होते, माझा पुण्याचा आणि त्यांचा सांगलीचा. गोंधळ नको म्हणून सांगलीच्या पत्त्याला मी "बाबा" असं नाव दिलं होतं. तेच उचलून त्यांनी मेलच्या विषयात घातलं.

ही काही एकटी नाही. श्रावणात गुडघ्यांचे पट्टे आले. पितृपक्षात "घरातल्या ज्येष्ठांना द्या आरोग्याची भेट" आली. आता भाऊबीजेला भावासाठी काय घ्यावं याची रोज एक यादी येतेय. मला भाऊ नाही.

त्या दुकानाचे माझ्यावर उपकारच आहेत. रात्री बाराला मागवलेलं दुसऱ्या दिवशी जेवणाआधी दारात असायचं. म्हणूनच जास्त लागलं. आमच्या घरात काय संपत आलंय हे ज्यांना दिवसाच्या हिशेबानं कळत होतं, त्यांना ते लागायचंच थांबलं हे कळू नये?

हे बंद कसं करायचं, ते जाणकारांनी कृपया सांगा. आणि तुम्हाला असा अनुभव आला असेल तर तोही लिहा.

रानपाखरू
निशिगंध, वाचून गलबललं. काळजी घे, आईंचीही.
मेल उघडलीस की वर पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी "अनसबस्क्राइब" दिसतं. तळाशी बारीक अक्षरात असतं ते शोधत बसू नकोस, वरचंच दाब.

सातबारा
दिवसाला चाळीस येतात. मी उघडतच नाही, रात्री एकदम सगळ्या उडवतो. जाहिरातच ती, इतकं मनाला लावून घेऊ नका असं सुचवेन.

उंबरठा
सातबारा, उघडावी लागतच नाही हो. विषयाची ओळ समोर येते आणि डोळे वाचून मोकळे होतात.

आमचे हे जाऊन तीन वर्षं झाली. एका दागिन्यांच्या दुकानात दर पाडव्याला आम्ही काहीतरी छोटंसं घ्यायचो, ह्यांचाच हट्ट असायचा. दुकानात माझा नंबर आणि मेल लिहून घेतलेली. पहिल्या वर्षी वसुबारसेला मेल आली: "पाडव्याला त्यांच्याकडून काय हवंय? आम्हाला सांगा, आम्ही त्यांना आठवण करू." मी स्वयंपाकघरात उभी होते, हातात झारा होता. गॅस बंद केला आणि तिथेच खाली बसले.

दुसऱ्या वर्षी मी स्वतः दुकानात जाऊन सांगितलं. काउंटरवरची मुलगी बिचारी ओशाळली, वहीत लिहून घेतलं. तरी तिसऱ्या वर्षी पुन्हा आलीच. वही आणि मेल पाठवणारं यंत्र यांची गाठच पडत नसावी.

फरसाण
उंबरठा ताई, तुमचं वाचून काय लिहावं सुचेना. तरी थोडं हलकं लिहितो, चालेल ना?

जूनमध्ये वॉशिंग मशीन घेतलं. तेव्हापासून तेच दुकान मला वॉशिंग मशीनच सुचवतंय. दसऱ्याला वेगळं, धनत्रयोदशीला वेगळं, "तुमच्यासाठी खास निवडलेलं" म्हणून. अहो, घेतलं ना मी तुमच्याकडूनच! आमच्या लग्नात पाच भिंतीवरची घड्याळं आली होती, पण ती पाच वेगवेगळ्या पाहुण्यांनी आणलेली. एकाच पाहुण्यानं पाच आणली नव्हती.

उंबरठा
@फरसाण, चालेल काय, हसले मी. लिहीत जा.

पाटीपेन्सिल
माझी तक्रार पंचांगाची आहे. हे भेटसूचना पाठवणारे सगळ्या देशाला एकच पंचांग लावतात.

आषाढात मला "सावन स्पेशल" उपवासाच्या थाळीची मेल येते. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे त्यांचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस सुरू होतो. आमच्याकडे तेव्हा दीप अमावास्याही झालेली नसते. आश्विनात करवा चौथ येते. चाळणी, मेंदीचे कोन, "पतीकडून सरप्राइज". मी कोल्हापूरची, आमच्या सात पिढ्यांत कुणी हे व्रत केलेलं नाही. करणाऱ्यांनी आनंदानं करावं, पण मला दहा मेल कशासाठी? आणि आमचा दिवाळीचा पाडवा, जो खरोखर नवरा-बायकोचा सण, त्याची एकसुद्धा नाही. उंबरठा ताईंना आली ती इथल्याच पेढीची असणार.

भाऊबीजेला "भाई दूज" म्हणतात तेही मी सोडून देते. पण संक्रांतीच्या वाणाच्या सूचना कुणी पाहिल्यात का? पन्नास नग प्लास्टिकच्या गाळण्या. हळदीकुंकवाला आलेल्या बाईला काय द्यावं हे आपल्या आयाबायांना बरोबर कळतं. माझी आई गुळाची ढेप फोडून तिच्या पुड्या वाटायची. चार दिवसांनी ज्या त्या घरी गुळाची पोळी झालेली असायची.

कृष्णाकाठ
पाटीपेन्सिल, +१. यात मातृदिनाची भर घालतो. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी "आईला काय दिलंत?" म्हणून मेलचा पूर येतो. आपला मातृदिन श्रावणी अमावास्येला, पिठोरीला. आई डोक्यावर वाण धरून मागे न बघता विचारायची, "अतीत कोण?" आणि आम्ही मागून ओरडायचो, "मी!" चौघं भावंडं, प्रत्येकाचा "मी" वेगळ्या सुरात. खीर-पुरीसाठी ढकलाढकली चालायची. त्या दिवशी देणारी आई आणि घेणारे आम्ही. त्यात विकण्यासारखं काही नसल्यानं त्याची मेल येत नाही, आणि ते बरंच आहे.

चवथीचंद्र
गोव्यातून लिहितोय. आमच्या चवथीला असंच. मेलमध्ये थर्माकोलची मखरं आणि प्लास्टिकची तोरणं. आमचा जीव माटोळीत. गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगून तिला सुपारीचे घोस, नारळ, तोरिंग, रानातली फळं आणि वेली बांधायच्या. त्यासाठी चवथीआधी म्हापशाच्या नाहीतर फोंड्याच्या बाजारात जाऊन घासाघीस करायची, हातानं उचलून बघायचं. आणणारी बाई डोंगरातून आलेली असते. तिच्याकडे कुणाच्याच मेलचा पत्ता नसतो, पण गेल्या वर्षी आपण काय नेलं ते तिला आठवत असतं.

सातबारा
धागा भरकटतोय असं वाटतंय, पण वाचायला छान वाटतंय.

दुपारचा_चहा
मी याच कामात आहे, पुण्यात, नऊ वर्षं. कंपनीचं नाव सांगत नाही. निशिगंध, तुमच्या मेलमागे काय घडलं असेल ते सांगतो, कारण समजलं की थांबवणं सोपं जातं.

संपणाऱ्या वस्तूंसाठी एक ठरलेली साखळी लावलेली असते. पाकिटात दहा नग, मागच्या दोन खरेदींतलं अंतर आठ दिवस, म्हणजे सातव्या दिवशी "पुन्हा मागवा". तुम्ही मागवलं नाहीत की यंत्राला वाटतं गिऱ्हाईक विसरलं. मग सूट जोडायची, मग सण जोडायचा. "आता गरज नाही" असं सांगायला त्या साखळीत जागाच ठेवलेली नसते. मेल पाठवायला खर्च जवळपास शून्य, म्हणून कुणी शंभरदा विचार करत नाही. ज्या बैठकीत हे ठरतं तिथे मी बसलेलो आहे. हजारात किती जणांनी दाबलं हे पडद्यावर दिसतं. ती वाचून कोण खाली बसलं, ते दिसायची सोय नाही. उंबरठा ताई, तुमचा प्रतिसाद मी आज दोनदा वाचला.

आता उपाय.

ओळखीच्या दुकानाची मेल असेल तर रानपाखरूनं सांगितलं तसं वरचं अनसबस्क्राइब दाबा. दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना जीमेल आणि याहूनं २०२४पासून ही एका टिचकीची सोय देणं बंधनकारक केलंय. पाठवणारा अजिबात ओळखीचा नसेल तर मात्र अनसबस्क्राइब दाबू नका, त्यानं पत्ता चालू असल्याचं त्याला कळतं. सरळ स्पॅममध्ये टाका.

मेलमधली चित्रं आपोआप उघडणं सेटिंगमध्ये बंद करा. चित्रांत एक ठिपक्याएवढं न दिसणारं चित्र असतं, ते उघडलं की तुम्ही मेल वाचल्याची नोंद होते, आणि वाचणाऱ्याला आणखी पाठवतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मेल बंद केली तरी खरेदीचा इतिहास तसाच राहतो, आणि तोच ॲपमध्ये, मेसेजमध्ये डोकावत राहतो. काही मोठ्या दुकानांच्या खात्यात "तुमच्या शिफारशी" असा भाग असतो. तिथे जाऊन एकेका वस्तूपुढे "ही शिफारशींसाठी वापरू नका" असं करता येतं. दहा मिनिटांचं काम आहे, पण नेमकं तेच कुणी करत नाही.

थंडगार
@दुपारचा_चहा, उत्तम माहिती. त्यात एक भर. जीमेलमध्ये तुमच्या नावापुढे अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द जोडला तरी मेल तुमच्याकडेच येते. मी प्रत्येक दुकानाला वेगळा शब्द जोडून पत्ता देतो. मग कुणी पत्ता दुसऱ्याला विकला की लगेच सापडतो. इकडे अमेरिकेत २००३च्या कायद्यानं नको म्हटल्यावर दहा कामाच्या दिवसांत मेल थांबवावी लागते. आपल्याकडे काय आहे?

दुपारचा_चहा
२०२३चा डिजिटल व्यक्तिगत विदा (डेटा) संरक्षण कायदा आहे. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती काढून घेणंही सोपं असलं पाहिजे, असं त्यात लिहिलंय. त्याच वर्षी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन विक्रीतल्या १३ फसव्या क्लृप्त्यांवर बंदी घातली. "नको, मला पैसे वाचवायचे नाहीत" असं बटण ठेवून गिऱ्हाइकाला लाजवणं हाही त्यातलाच एक प्रकार.

रानपाखरू
आणि मेसेजचं काय? मला मेलपेक्षा तेच जास्त येतात.

दुपारचा_चहा
१९०९ या नंबरवर इंग्रजी अक्षरांत "स्टार्ट", एक जागा सोडून ० असा मेसेज पाठवा, म्हणजे सगळ्या जाहिराती बंद. फक्त बँक-विमा बंद करायचं असेल तर ०ऐवजी १, घरं-जागांसाठी २. आता मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक अक्षर येतं. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. तरी आला तर सात दिवसांच्या आत १९०९वरच तक्रार करता येते, आधी तीनच दिवस होते. व्हॉट्सॲप यात येत नाही, तिथे त्या त्या दुकानाला ब्लॉक करता येतं.

आंबेवाली
सगळ्यांचं वाचलं. आता दुसरी बाजू मांडते, रागावू नका.

मी रत्नागिरीहून आंबे पाठवते आणि दिवाळीत फराळ. सव्वातीनशे गिऱ्हाइकं आहेत, एकेक जोडलेलं. मी निरोप पाठवलाच नाही तर पेटी घ्यायला कोण येणार? मोठ्या दुकानांसारखी रस्त्यावर पाटी लावायची ऐपत नाही. परदेशी फराळ जायचा असेल तर कुरिअरची शेवटची तारीख कळवावीच लागते, नाहीतर लोकच फोन करून ओरडतात, "आधी का नाही सांगितलं?" मोहोराच्या वेळी मी बागेचा फोटो पाठवते तेव्हा किती जण उलट लिहितात, "वाट बघत होतो." सगळ्या निरोपांना एकाच तागडीत घालू नका एवढंच म्हणणं आहे.

थंडगार
आंबेवाली, तुमच्यासारख्यांच्या निरोपाची मी इथे बर्फात बसून वाट बघतो. त्याला जाहिरात कोण म्हणेल?

उंबरठा
पण आंबेवाली, समजा मी तुमची गिऱ्हाईक आहे आणि दरवर्षी ह्यांच्या नावानं एक पेटी मागवायची. यंदा मागवली नाही. तुम्ही काय कराल?

आंबेवाली
फोन करते. खरंच करते. सव्वातीनशे आहेत म्हणून जमतं. दोन वर्षांपूर्वी एका काकांची पेटी आली नाही म्हणून फोन केला तर सूनबाईंनी उचलला. पंधरा मिनिटं बोललो आम्ही, आंब्याचा विषयसुद्धा निघाला नाही. वहीत त्यांच्या नावापुढे बारीकशी फुली केली, म्हणजे पुढच्या चैत्रात चुकून निरोप जायला नको. तुमचं म्हणणं कळलं.

टेम्सकाठ
इंग्लंडमध्ये याला एक चांगली वाट काढलीय. ब्लूम अँड वाइल्ड नावाची फुलं विकणारी कंपनी आहे. तिनं २०१९मध्ये मदर्स डेच्या आधी गिऱ्हाइकांना एकच साधी मेल पाठवली: हा दिवस काहींना जड जातो, यंदा त्याबद्दल काही पाठवायला नको असेल तर इथे दाबा, बाकीच्या मेल येत राहतील. मग इतरांनीही तसं सुरू केलं. आता मार्च जवळ आला की मला अशा पाच-सहा येतात. इथला मदर्स डे मार्चमध्ये, कधी एप्रिलच्या सुरुवातीला असतो आणि भारतातला मेमध्ये. आई गेल्यावर वर्षातून दोनदा ते झेलायला लागायचं, आता निदान इथलं थांबलं. इतकी वर्षं परक्या देशात आहे, पण "तुम्हाला चालेल का?" असं त्या मेलनं विचारलं तेव्हा खरंच डोळ्यांत पाणी आलं.

सातबारा
मी वर "मनाला लावून घेऊ नका" लिहिलं होतं. ते मागे घेतो. निशिगंध, उंबरठा, दोघींची माफी मागतो.

सगळ्या एकदम उडवायच्या माझ्या सवयीचंही सांगतो. गेल्या महिन्यात मेलच्या खात्याची १५ जीबी जागा भरली म्हणून नव्या मेल यायच्या थांबल्या, आणि मुलीच्या वसतिगृहाच्या प्रवेशाचं पत्र अडकलं. पाहिलं तर मी उडवतोय असं वाटत होतं त्या निम्म्या मेल नुसत्या दुसऱ्या कप्प्यात पडून होत्या, सहा वर्षांच्या. रात्रभर बसून साफ केलं. आता यापुढे आलेल्या प्रत्येक जाहिरातीला तिथल्या तिथे अनसबस्क्राइब करणार.

फरसाण
माझ्या वॉशिंग मशीनला "शिफारशींसाठी वापरू नका" केलं. आज त्यांनी कपडे वाळत घालायचा स्टँड सुचवलाय. आणि तो खरंच हवा होता!

निशिगंध
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस सांगलीत आईकडे होते, म्हणून उशीर.

दुपारचा_चहा, तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. मेल बंद केल्या. १९०९ला मेसेज पाठवला. मग खरेदीचा इतिहास उघडला. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत एकेका ओळीत तारीख आणि वेळ. रात्री १:१०, रात्री २:४०, पहाटे ४. कुठल्या रात्री ताप होता, कुठल्या रात्री ते मला ओळखत नव्हते, सगळं त्या वेळांवरून आठवत गेलं. डायपर काढले, पट्टे काढले, गादी काढली. मग पत्त्यांच्या यादीत "बाबा" आलं. काढायला गेले तर विचारतं, नक्की काढायचं? मी तो पत्ता राहू दिला.

आंबेवाली, तुमचं वाचून आमच्या सांगलीच्या वाण्याची आठवण झाली, ते लिहायलाच हवं. आई परवा सामानाची यादी घेऊन गेली. यादीत पोहे, भाजणीचं सामान, काहीच नव्हतं, नेहमीचं तूरडाळ-तांदूळ. वाणीकाकांनी यादी वाचली, आईकडे पाहिलं आणि म्हणाले, "यंदा नाही ना वहिनी?" आई नुसती मान हलवून राहिली. दर दिवाळीला सामानाबरोबर ते उटण्याची पुडी आणि चार पणत्या देतात. काउंटरवर ढीग होता. आईच्या पिशवीत त्यांनी ते घातलं नाही. बाबांना आवडायचा तो पिवळा गूळ मात्र पावशेर जास्त बांधला आणि बिलात धरला नाही. काल संध्याकाळी त्यांच्या घरून फराळाचं ताट आलं, वर क्रोशाचा रुमाल. आईनं त्यातली एक चकली फोटोपुढे ठेवली आणि एक मला दिली.

त्या ऑनलाइन दुकानालाही मी लिहिलं, जे घडलं ते जसंच्या तसं. टेम्सकाठ, तुम्ही सांगितलेल्या फुलवाल्यांचं उदाहरणही घातलं, की वस्तू बंद झाल्यावर एकदा तरी विचारा, "आता लागत नाही का?" आणि तिथे एक बटण ठेवा. आज उत्तर आलं, कुणीतरी हातानं लिहिलेलं वाटलं. क्षमा मागितलीय, सूचना पुढे पाठवतो म्हणालेत.

दुपारचा_चहा
निशिगंध, तुमच्या परवानगीनं तुमची पहिली पोस्ट सोमवारच्या बैठकीत वाचून दाखवू का? नाव, गाव काही सांगणार नाही. "आता गरज नाही" या बटणाचा प्रस्ताव मी लिहायला घेतलाय.

निशिगंध
जरूर वाचा. गावाचं नाव सांगितलंत तरी चालेल.

उंबरठा
मी उद्या पुन्हा दागिन्यांच्या दुकानात जाते. या वेळी वहीत नको, त्यांच्या संगणकावर माझ्यासमोर काढायला सांगते.

आंबेवाली
मी यंदाच्या निरोपाखाली एक ओळ घातली: "यंदा घरी सण नसेल तर नुसतं 'नाही' लिहा, पुढच्या वर्षीपर्यंत निरोप पाठवणार नाही." सकाळपासून चार "नाही" आले. चौघांनाही फोन केले.
निशिगंध, सांगलीचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आईंना चैत्रात एक पेटी पाठवते, पैशांचं बोलायचं नाही.